ठाण्यात जाऊन उपयोग नाही
लेखमाला : घर सोडताना – भाग ५

सीरियातून साठ लाखांवर माणसं देश सोडून का गेली, हे समजून घ्यायला नकाशावर इतकं लांब जायला नको. तुळजापूर ते सोलापूर हे जेमतेम ४५ किलोमीटरचं अंतर त्याला पुरे आहे. १९४७-४८ साली या वाटेवर सरहद्द होती.

आजचा धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि लातूरही याच जिल्ह्यात मोडायचं. सोलापूर, बार्शी आधी इंग्रजांकडे आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून स्वतंत्र भारतात. निजाम मीर उस्मान अली खान यांनी भारतात विलीन व्हायला नकार दिला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी वर्षभराचा ‘जैसे थे’ करार झाला, पण गावागावांत काहीच जैसे थे राहिलं नाही. त्यानंतर जे घडलं त्याला यादवी युद्ध म्हणायचं की नाही, हा वाद कायदेपंडितांनी घालावा. गावकऱ्याला एवढंच कळत होतं, की करोडगिरी (जकात) नाक्याच्या अलीकडे एक अंमल आहे आणि पलीकडे दुसरा.

अलीकडे रझाकार, म्हणजे निजामाच्या राजवटीसाठी लढणारे सशस्त्र स्वयंसेवक, होते. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील, म्हणजे याच जिल्ह्यातला. पलीकडे, सरहद्दीला लागून, हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचे सशस्त्र कॅम्प होते. त्यांचे नेते स्वामी रामानंद तीर्थ एके काळी इथल्याच हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवत. कॅम्पातली पोरं रात्री येत, नाका जाळत, दप्तरं पेटवत आणि उजाडायच्या आत परत जात. त्या लढ्याला आपण मुक्तिसंग्राम म्हणतो, ते रास्तच आहे. पण नाका जाळणारा पलीकडे गेला, तरी गाव अलीकडेच राहायचं. राग निघायचा तो गावावर.

तरीही नुसत्या भीतीपोटी शेतकरी गाव सोडत नाही. या जिल्ह्यातल्या माणसानं दुष्काळ काढले, सरकारी लेव्हीचं धान्य घातलं, सावकार सोसला. दरोडा पडला तर तो ठाण्यात जायचा; न्याय मिळेलच असं नाही, पण तक्रार कुठे करायची हे माहीत असायचं. लुटायला आलेल्यांकडे पोलीस काणाडोळा करू लागले, कुठे कुठे तर त्यांच्या बरोबरीनं येऊ लागले, तेव्हा ही शेवटची जागाही गेली. माझ्या मते माणूस उठतो तो याच दिवशी. गोळीबार होऊन गेलेल्या गावातही माणसं राहतात. तक्रार ऐकणारं कुणी उरलं नाही, की बैलगाडी जुंपली जाते.

आधी बायका-पोरं जात. लेकी-सुनांच्या सोयरिकी सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना झालेल्या असल्यानं बार्शी तालुक्यात कुणाची आत्या असे, कुणाचा मामा. लातूरहून बार्शी-कुर्डुवाडीकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वे ही सरहद्द ओलांडूनच जायची. पुरुष मागं थांबत, कारण जनावरं आणि उभं पीक. रात्री घरात न झोपता रानात झोपत, हे जुन्या माणसांच्या तोंडी अजून ऐकायला मिळतं.

सोबत काय न्यायचं? जमीन उचलून नेता येत नाही. निजाम सरकारनं वटहुकूम काढून सोनं-चांदी भारतात न्यायला बंदी केली होती आणि भारतीय चलन संस्थानात अवैध ठरवलं होतं. कनवटीला निजामाच्या हाली सिक्क्याचे रुपये. सात हाली म्हणजे सहा कलदार (भारतातले रुपये) हा जुना हिशेब, म्हणजे नाका ओलांडला की गाठोडं तसंही हलकंच व्हायचं. म्हणून सर्वांत आधी गेले ते व्यापारी, वकील, ज्यांचे पलीकडे आडतीचे संबंध होते असे लोक. ज्याच्याकडे गाडी नाही, पाहुणे नाहीत, तो सालगडी सगळ्यात शेवटी निघाला, नाहीतर निघालाच नाही. जगात कुठेही हेच दिसतं. सरहद्द ओलांडून आलेल्यांवरून आतल्या हालांची मोजदाद केली, तर ती नेहमी कमीच भरते.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरकडून आत शिरलं. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडलं. १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली आणि बार्शी-सोलापूरकडे गेलेल्यांना परतीची वाट मोकळी झाली. आपली गोष्ट बहुधा इथंच संपते. दर १७ सप्टेंबरला आपण ती इथंच संपवतो, आणि हे मला पटत नाही.

कारण त्याच आठवड्यात दुसरा लोंढा निघाला. या वेळी घर सोडणारे मुसलमान होते. केंद्र सरकारच्या वतीनं पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानभर फिरले. सर्वाधिक झळ पोचलेले त्यांनी नोंदवलेले चार जिल्हे म्हणजे उस्मानाबाद (आजचा धाराशिव), गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चारांत मिळून किमान १८,००० माणसं मारली गेल्याचा त्यांचा अंदाज होता. लातुरात कत्तल वीस दिवसांवर चालली. तिथल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी त्यांना जेमतेम तीन हजार गावात सापडले. हजारावर मारले गेले होते, बाकीचे पळाले होते. सोलापूर आणि इतर गावांतून आलेल्या सशस्त्र टोळ्यांचा उल्लेख अहवालात आहे, आणि जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचाही. तो अहवाल कितीतरी दशकं कपाटात पडून होता.

लातूरच्या कच्छी मुसलमान व्यापाऱ्यानं रझाकारांना वर्गणी दिली होती की नाही, हे कुणी विचारलं नाही. वर्षभर आधी मारवाडी दुकानदारालाही तो काँग्रेसचा आहे का, हे विचारलं गेलं नव्हतं. ठाण्यात मात्र त्या कच्छी व्यापाऱ्यालाही आता थारा नव्हता. लुटीत काही ठिकाणी सैनिक आणि पोलीसच सामील असल्याचं अहवाल सांगतो. माणसं बदलली, दिशा बदलली, कारण तेच राहिलं.

१९५१ चा निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार (भारतानं त्यावर आजवर सही केलेली नाही) या दुसऱ्या लोंढ्याला निर्वासित म्हणणार नाही. त्यातले बरेच जण हैदराबाद शहरात गेले, म्हणजे सरहद्द ओलांडलीच नाही. स्वतः रझवी १९५७ साली तुरुंगातून सुटला आणि पाकिस्तानात गेला. त्याच्यासाठी देश होता.

दोन्ही लोंढ्यांतले जे परत आले, त्यांच्या जमिनी आणि घरं कुणाच्या ताब्यात होती, ते पुढच्या आठवड्यात.