ध्वनिमुद्रणासाठीं संगणक

१९०२ सालच्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित झालें, तेव्हां तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचें गाणें मावत असे. सारी विद्या तेवढ्या वेळांत आवरती घ्यावी लागे. आज घरांतील टेबलावरचा संगणक तासन् तास गाणें टिपून घेतो. परंतु त्याच्याहि कारभारांत वेळेचें एक बंधन आहेच. तें मिनिटांचें नसून मिलिसेकंदांचें आहे, आणि तें ध्यानांत न घेतां मोठ्या किंमतीस आणलेलें यंत्र नेमकें गाणें रंगांत आलें असतां दगा देतें.

मायक्रोफोनमधून आलेला विद्युत्प्रवाह ऑडिओ इंटरफेस नांवाच्या पेटींत अंकांचें रूप घेतो. सीडीसाठीं सेकंदाला ४४,१०० वेळां ध्वनीचें माप घेतात. चित्रपटाच्या कामीं ४८,००० वेळां घेण्याचा प्रघात आहे. हीं मापें एकेक करून संगणकाकडे जात नाहींत. त्यांचीं लहान लहान गाठोडीं बांधून तीं पाठविलीं जातात. अशा गाठोड्यास बफर म्हणतात. रहाटगाडग्याची उपमा येथें चांगली लागू पडते. गाडगें लहान असलें तर पुढचें लगोलग वर आलेंच पाहिजे, नाहीं तर पाटाची धार तुटते. मोठें असलें तर बैलाला जरा दम खातां येतो. मात्र तें भरून वर येईपर्यंत वाट पाहावी लागते.

सेकंदाला ४८,००० मापें धरलीं तर १२८ मापांचें बफर म्हणजे सुमारें २.७ मिलिसेकंद व १,०२४ मापांचें म्हणजे सुमारें २१. जातांना व येतांना मिळून ही दिरंगाई दुप्पट किंवा किंचित् अधिकच होते. हवेंतून १ मीटर जाण्यास आवाजाला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात. त्यामुळें साथीदार तीन मीटरांवर बसला तरी गवयी तक्रार करीत नाहीं. पण हेडफोनमध्यें स्वतःचाच आवाज ४० मिलिसेकंद मागाहून येऊं लागला कीं जाणता गवयीहि लयींत डळमळतो. म्हणून मुद्रणाच्या वेळीं बफर लहान ठेवावें लागतें, आणि मग संगणकानें दर २.७ मिलिसेकंदांत आपलें काम पुरें केलेंच पाहिजे. एकदां जरी उशीर झाला तरी 'टक्' असा आवाज उमटतो. द्रुत लयींतील तबल्याच्या बोलांत तो कदाचित् लपेल. आलापांत, तंबोऱ्याच्या अखंड नादावर, तो लपत नाहीं. आणि ती जागा गवयाकडून पुन्हां तशीच येईल याचा भरंवसा कोणी द्यावा?

तेव्हां यंत्र सरासरीनें किती वेगवान् आहे यापेक्षां तें कधींच उशीर करीत नाहीं ना, हें पाहावयाचें. जाहिरातींतील आंकडे याविषयीं फारसें कांहीं सांगत नाहींत. प्रोसेसरमध्यें कोअर किती आहेत याचा मोठा गवगवा होतो. निरनिराळे ट्रॅक निरनिराळ्या कोअरांवर वांटतां येतात हें खरें. पण एकाच आवाजावर प्रथम इक्वलायझर, मग कॉम्प्रेसर, मग रिव्हर्ब असे संस्कार चढविले, तर आधींचा झाल्यावांचून पुढचा होत नाहीं. ती सांखळी बहुधा एकाच कोअरला ओढावी लागते. यास्तव एकेका कोअरचा वेग अधिक मोलाचा. खेळांसाठीं विकल्या जाणाऱ्या महागड्या ग्राफिक्स कार्डाचा येथें फारसा उपयोग नाहीं. उलट त्याचा पंखा गवयाची साथ करूं लागतो.

रॅम किती घ्यावी हें कामावर अवलंबून आहे. गायक व दोन-चार साथीदार मुद्रित करावयाचे असतील तर १६ गिगाबाइट पुरेत. चित्रपटाचें पार्श्वसंगीत रचणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याचीं व्हायोलिनें, सनया संगणकांतच साठविलेल्या असतात. प्रत्येक स्वराचा आरंभ रॅममध्यें तयार ठेवावा लागतो व उरलेला भाग ऐन वेळीं डिस्कवरून येतो. त्याला ६४ गिगाबाइटहि सढळ वाटणार नाहींत. अ‍ॅपलच्या एम-मालिकेच्या संगणकांत रॅम मागाहून वाढवितां येत नाहीं, हें पैसे मोजण्यापूर्वींच लक्षांत घ्यावें.

डिस्कची चिंता त्या मानानें थोडी. २४ बिटांचा एक ट्रॅक तासाला सुमारें ५२ कोटी बाइट व्यापतो. असे सोळा ट्रॅक म्हणजे तासाला आठ गिगाबाइटांहून थोडें अधिक. साधी एसएसडी हें सहज पेलते. तिच्यासारखीच दुसरी घेऊन नक्कल ठेवणें हेंच अधिक शहाणपणाचें.

इंटरफेसविषयीं एक भ्रम आहे. महाग जोडणी असल्यावांचून भागत नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. सोळा ट्रॅक मिळून सेकंदाला दोन कोटी बिटसुद्धां होत नाहींत, आणि जुन्या यूएसबी २.० ची मर्यादा ४८ कोटींची आहे. अडते तें ड्रायव्हरपाशीं. विंडोजवर स्टाइनबर्ग कंपनीनें प्रचारांत आणलेल्या एएसआयओ पद्धतीचा, इंटरफेसच्या उत्पादकानें स्वतः लिहिलेला ड्रायव्हर पाहून घ्यावा. मॅकमध्यें कोअर ऑडिओ मुळांतच असतो. डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय असलेला इंटरफेस गवयाचा आवाज संगणकाला वळसा घालून थेट त्याच्या कानीं पोंचवितो. बेताच्या संगणकावर ही सोय फार मोठें काम करून जाते. उरलेला पैसा मायक्रोफोनवर व खोलींतील जाड पडद्यांवर खर्चावा.

लॅपटॉप वीज वांचविण्यासाठीं मधूनमधून डुलक्या घेतो आणि वाय-फायचा ड्रायव्हर भलत्याच वेळीं मध्यें तोंड घालतो. मुद्रणापूर्वीं ह्या दोन्ही गोष्टी बंद कराव्या.

नवें यंत्र घरीं आल्यावर पहिल्याच दिवशीं गवयाला बोलावूं नये. बफर १२८ वर ठेवून, तंबोरा लावून, एक तास मुद्रण करावें आणि तें हेडफोन लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावें. काम कंटाळवाणें आहे. पण यंत्र परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीं तें उरकलेलें बरें.