लंगोट-पुरळ

लंगोट-पुरळ : (लंगोट-त्वचाशोथ, डायपर-पुरळ). अर्भकाच्या शरीराचा जो भाग लंगोट, बाळोते किंवा डायपर यांनी झाकलेला असतो, त्या भागातील त्वचेच्या शोथास (दाहयुक्त सुजेस) ही संज्ञा लावतात. हा एकच एक रोग नसून लंगोटाखालील उष्ण व ओलसर परिस्थितीत उद्‌भवणाऱ्या त्वचाविकारांचा तो गट आहे. त्यांपैकी सर्वांत अधिक आढळणारा प्रकार क्षोभजन्य, म्हणजे त्वचेला चुरचुर आणणाऱ्या पदार्थांच्या संपर्कामुळे होणारा असून प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे त्याचेच विवेचन केले आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांपासून लंगोट सुटेपर्यंत हा विकार केव्हाही होऊ शकतो; तथापि ९ ते १२ महिने या वयात त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. मलमूत्रावर ताबा नसलेल्या अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांतही तो आढळतो.

सौम्य विकार योग्य निगा राखल्यास बहुधा तीन-चार दिवसांत बरा होतो. तीव्र विकारात मात्र त्वचा सोलवटते, लघवीचा थेंब लागताच मूल कळवळून रडते, त्याची झोप व दूध पिणे बिघडते आणि घरातील माणसे हाती येईल ते मलम, पावडर वा लेप लावू लागतात. सोलवटलेल्या त्वचेतून असे पदार्थ सहजपणे शरीरात शिरतात. त्यामुळे या विकारात काय लावावे याइतकेच काय लावू नये, हे जाणणेही महत्त्वाचे असते.

कारणे व संप्राप्ती : त्वचेच्या सर्वांत बाहेरील बाजूस मृत, चपट्या कोशिकांचा (पेशींचा) पातळ थर असतो. त्यास शृंगस्तर म्हणतात. कोशिकांमधील स्निग्ध पदार्थांमुळे हा थर बाहेरील द्रव्ये आत व आतील पाणी बाहेर जाऊ देत नाही. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित अम्लीय (पीएच मूल्य सु. ५·५) असतो व ही अम्लताही संरक्षक असते. ओला लंगोट दीर्घकाळ त्वचेला लागून राहिल्यास शृंगस्तर पाणी शोषून फुगतो व मऊ पडतो. अशी त्वचा कापडाच्या साध्या घर्षणानेही झिजते आणि तिच्यातून क्षोभक पदार्थ व सूक्ष्मजंतू सहज आत शिरतात.

या विकाराचे सुरुवातीचे सविस्तर वर्णन फ्रेंच त्वचारोगतज्ञ ल्यूस्यँ झाके यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केले. १९२१ मध्ये अमेरिकेतील जे. व्ही. कुक यांनी मलातील यूरियाचे विघटन करणाऱ्या सूक्ष्मजंतूंकडे लक्ष वेधले. त्यानंतर कित्येक दशके लघवीपासून तयार होणारा अमोनिया हेच पुरळाचे कारण मानले जात असे. पुढे १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुरळ असलेल्या व नसलेल्या अर्भकांच्या लंगोटांतील अमोनियात विशेष फरक आढळला नाही. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी या कोड्याचा उलगडा केला. मलातील यूरिएज या एंझाइमाच्या (जीवरासायनिक विक्रिया घडविण्यास मदत करणाऱ्या प्रथिनाच्या) क्रियेने यूरियापासून अमोनिया तयार होतो व त्वचेचा पृष्ठभाग क्षारीय बनतो. अशा क्षारीय परिस्थितीत मलातील प्रोटीएज (प्रथिनांचे विघटन करणारी) व लायपेज (स्निग्ध पदार्थांचे विघटन करणारी) ही एंझाइमे अधिक क्रियाशील होतात आणि शृंगस्तराचेच पचन करू लागतात. म्हणजे अमोनिया हा प्रत्यक्ष अपराधी नसून साहाय्यक असतो. खरी इजा मल व मूत्र एकत्र राहिल्याने होते.

या उलगड्यामुळे पूर्वापार अनुभवाच्या अनेक बाबींचा अर्थ लागतो. अतिसारात मल वारंवार व पातळ होत असल्याने त्यातील एंझाइमे भरपूर प्रमाणात त्वचेवर येतात व काही तासांतच पुरळ उमटते. केवळ अंगावरचे दूध पिणाऱ्या मुलांचा मल अधिक अम्लीय असतो व त्यात ही एंझाइमे कमी क्रियाशील असतात, म्हणून त्यांच्यात पुरळाचे प्रमाण कमी असते. वरचे अन्न सुरू झाल्यावर मलाचे स्वरूप बदलते आणि विकाराचे प्रमाण वाढते. प्रतिजैव औषधांच्या वापराने अतिसार होतो, तसेच यीस्ट-संसर्गाची शक्यताही वाढते.

लक्षणे : आरंभी नितंब, जननेंद्रियांचा भाग, ओटीपोट व मांड्यांचा वरचा भाग येथील त्वचा लालसर व चकचकीत दिसते. लंगोटाला प्रत्यक्ष टेकणारे फुगीर भाग अधिक लाल होतात, तर जांघेतील घड्या बहुधा मोकळ्या राहतात. विकार वाढल्यास बारीक पुटकुळ्या येतात, त्वचा सुजते, सोलवटते व तिच्यातून लस झरते. अतितीव्र प्रकारात कडा उचललेले लहान गोल व्रण पडतात.

तीन दिवसांपेक्षा अधिक काळ टिकलेल्या पुरळात कॅंडिडा आल्बिकान्स या यीस्टचा संसर्ग पुष्कळदा झालेला असतो. अशा वेळी लाली गडद मांसल रंगाची असते, जांघेच्या घड्याही लाल होतात व मुख्य चट्ट्याच्या कडेबाहेर सुटे लाल ठिपके किंवा पूयिका (पुवाच्या बारीक पुळ्या) विखुरलेल्या दिसतात. मुलाच्या तोंडात दह्याच्या कवडीसारखे, पुसून न निघणारे पांढरे थर असल्यास या निदानास पुष्टी मिळते.

व्यवच्छेदक निदान : पाणीदार फोड व मधाच्या रंगाच्या खपल्या स्टॅफिलोकॉकस वा स्ट्रेप्टोकॉकस या सूक्ष्मजंतूंचा संसर्ग सुचवितात. गुदद्वाराभोवती स्पष्ट कडेची भडक लाली व शौचाच्या वेळी वेदना ही स्ट्रेप्टोकॉकस-संसर्गाची लक्षणे असू शकतात. लंगोटाच्या भागाबरोबरच तोंडाभोवती आणि हातापायांवर चट्टे, अतिसार व केस गळणे ही लक्षणे एकत्र आढळल्यास जस्ताच्या न्यूनतेचा विचार करावा लागतो. खरूज, सोरियासिस व क्वचित जन्मजात उपदंश यांमुळेही या भागावर पुरळ येऊ शकते.

घरगुती उपचार : उपचाराचे तत्त्व साधे आहे : ओलावा व मल त्वचेपासून दूर ठेवावा आणि त्वचेला स्वतः भरून येण्यास अवसर द्यावा. शृंगस्तर सतत नव्याने तयार होत असल्यामुळे इजा थांबली की त्वचा थोड्याच दिवसांत पूर्ववत होते.

(१) लंगोट बदलणे : शौच होताच व अन्यथा दर दोन-तीन तासांनी लंगोट बदलावा. नवजात मुलाच्या बाबतीत तो याहूनही वारंवार बदलावा लागतो. तीव्र पुरळात रात्रीही निदान एकदा तरी बदलावा.

(२) स्वच्छता : सोलवटलेली त्वचा पुसू नये. कोमट पाण्याची बारीक धार सोडून मल धुऊन काढावा किंवा टबात कोमट पाणी घेऊन त्यात मुलाला काही मिनिटे धरून बसवावे. केवळ लघवी झाली असल्यास दर वेळी साबण लावण्याचे कारण नाही. साबण क्षारीय असल्याने त्वचेची अम्लता अधिकच घटते. सुवास वा अल्कोहॉल असलेले ओले रुमाल टाळावेत. धुतल्यावर मऊ सुती कापड हलके टेकवून पाणी टिपून घ्यावे.

(३) हवा : दिवसातून अनेक वेळा काही काळ मुलाला लंगोटाशिवाय, खाली जाड सुती बाळोते अंथरून मोकळे ठेवावे. हा सर्वांत स्वस्त व अतिशय गुणकारी उपाय होय. त्वचा सुकविण्यासाठी मुलाला शेगडीजवळ धरणे वा केस वाळविण्याचे यंत्र वापरणे भाजण्याच्या धोक्यामुळे वर्ज्य आहे.

(४) संरक्षक लेप : झिंक ऑक्साइडयुक्त मलम किंवा पेट्रोलियम जेली यांचा जाड थर दर वेळी लंगोट बांधण्यापूर्वी लावावा. थर चोळून जिरवावयाचा नसतो. तो त्वचा व मल यांमधील भिंतीचे काम करतो. मलम लंगोटाला चिकटू नये म्हणून झिंक ऑक्साइडावर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा. पुढील वेळी केवळ वरचा मळलेला थर काढावा. खालचा स्वच्छ थर खरवडून काढल्यास नवी त्वचाही निघते. तो काढणे आवश्यकच असेल, तर औषधी खनिज तेलात भिजविलेल्या कापसाने हळुवार काढावा. मलम सुवासरहित असावे.

(५) सैल लंगोट : डायपर एक माप मोठा घ्यावा किंवा कापडी लंगोट सैल बांधावा. लंगोटावरून रबरी वा प्लॅस्टिकची चड्डी घालू नये; तिच्यामुळे वाफ कोंडते.

यीस्ट-संसर्ग असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने निस्टॅटिन, क्लोट्रिमॅझोल वा मायकोनॅझोल हे कवकनाशक मलम प्रथम पातळ लावून त्यावर संरक्षक लेपाचा थर द्यावा. अतिसार चालू असल्यास त्याकडे आधी लक्ष द्यावे : स्तनपान चालू ठेवावे व जलसंजीवनी द्यावी, अन्यथा कोणताही लेप पुरा पडत नाही.

वर्ज्य उपाय : झाकलेल्या व सोलवटलेल्या त्वचेतून होणारे शोषण किती घातक ठरू शकते, याची नोंद वैद्यकीय इतिहासात आहे. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये एका टाल्क पावडरीत उत्पादनातील चुकीमुळे हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक सु. ६ टक्के मिसळले गेले. २०४ मुलांना विषबाधा झाली व त्यांपैकी ३६ दगावली. १९८१ मध्ये व्हिएटनाममधील हो चि मिन्ह शहरात वॉरफरीन हे रक्त गोठू न देणारे द्रव्य मिसळलेल्या पावडरीमुळे ७४१ अर्भकांना रक्तस्रावाचा विकार होऊन १७७ मृत्यू झाले. पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या बोरिक अम्लाच्या पावडरीमुळेही अर्भके दगावली आहेत. खाण्याचा सोडा निरुपद्रवी समजला जातो. परंतु तो पुरळावर वारंवार लावल्याने अर्भकाच्या रक्तातील क्षारीयता वाढल्याचे उदाहरण १९८१ मध्ये अमेरिकेतून नोंदले गेले आहे.

टाल्क किंवा स्टार्चयुक्त पावडर शुद्ध असली, तरी उडालेली पूड श्वासावाटे फुप्फुसात जाते. म्हणून ती न वापरणेच इष्ट. डाळीचे पीठ, उटणे किंवा हळदीचा लेप सोलवटलेल्या त्वचेवर चोळल्याने घर्षण वाढते. मोहरीचे तेल क्षोभक असते. खोबरेल तेल अखंड त्वचेवर लावण्यास हरकत नाही. पण त्याचा पातळ थर तीव्र पुरळात पुरेसे संरक्षण देत नाही व यीस्ट-संसर्गावरील औषधाची जागा घेऊ शकत नाही.

भारतात विशेष सावधगिरी बाळगावी लागते ती स्टेरॉइड, प्रतिजैव व कवकनाशक अशी तीन-चार औषधे एकत्र असलेल्या मलमांबाबत. त्यांतील क्लोबेटासोल, बीटामेथासोन यांसारखी प्रभावी स्टेरॉइडे लाली दोन दिवसांत घालवितात. त्यामुळे ती गुणकारी वाटतात व घरोघरी पुन्हा पुन्हा वापरली जातात. तथापि लंगोटाखाली ती अधिक शोषली जातात, त्वचा पातळ करतात, नितंबांवर कठीण गाठी उत्पन्न करू शकतात व दीर्घ वापराने अधिवृक्क ग्रंथींचे कार्य मंदावून मुलाची वाढ खुंटू शकते. यांपैकी अनेक स्टेरॉइडांच्या मलमांचा समावेश २०१८ मध्ये अनुसूची ‘एच’ मध्ये, म्हणजे केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकावयाच्या औषधांत करण्यात आला. शोथ फार तीव्र असल्यास डॉक्टर १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य मलम मोजक्या दिवसांसाठी देतात; याहून प्रभावी स्टेरॉइड घरी आपण होऊन वापरू नये.

वैद्यकीय सल्ल्याची आवश्यकता : दोन-तीन दिवसांच्या काटेकोर निगेनंतरही उतार न पडणे, ताप येणे, फोड, पू, रक्तस्राव किंवा व्रण दिसणे, पुरळ लंगोटाबाहेर पसरणे, मूल मलूल होणे किंवा दूध न पिणे यांपैकी कोणतेही लक्षण आढळल्यास मुलाला डॉक्टरांकडे न्यावे. सहा आठवड्यांहून लहान मुलाच्या बाबतीत प्रारंभीच सल्ला घ्यावा.

प्रतिबंध : जुन्या धोतरांची व सुती लुगड्यांची मऊ बाळोती वापरण्याची महाराष्ट्रातील परंपरा घर्षणाच्या दृष्टीने हितकर आहे, मात्र ती ओली होताच बदलावी लागतात. बाळोती गरम पाण्यात सौम्य साबणाने धुऊन साबण पूर्ण निघेपर्यंत दोन-तीन पाण्यांतून काढावीत व उन्हात वाळवावीत. पावसाळ्यात दमट राहिलेली बाळोती इस्त्री करून कोरडी झाल्यावरच वापरावीत. १९८० नंतरच्या दशकात प्रचारात आलेल्या, पाणी धरून ठेवणाऱ्या बहुवारिकाच्या (पॉलिमराच्या) डायपरांमुळे त्वचा अधिक कोरडी राहते व तीव्र पुरळाचे प्रमाण घटते. परंतु हे डायपर बाहेरून कोरडे भासतात म्हणून तासन्‌तास तसेच ठेवले जातात आणि त्यात मल राहिल्यास त्यांचा लाभ नाहीसा होतो. म्हणून लंगोट कापडी असो वा डायपर असो, तो वेळेवर बदलणे हाच खरा प्रतिबंधक उपाय होय. अतिसाराच्या काळात व प्रतिजैव औषधे चालू असताना पुरळ उमटण्याची वाट न पाहता आरंभापासूनच संरक्षक लेप लावावा.