सायकल निघाली थोरांग खिंडीकडे!

तुमची शाळेची सायकल बिघडली तर कोपऱ्यावर दुकान असते. पण नेपाळमध्ये अन्नपूर्णा पर्वतराजीला वळसा घालणाऱ्या वाटेवर 5416 मीटर उंचीची थोरांग खिंड आहे. माउंटन बाइक घेऊन हौशी लोक तीही ओलांडतात; कधी सायकलीवर बसून, तर कधी सायकलीलाच खांद्यावर बसवून! तेथे दुकान कोठले? काय बरोबर न्यावयाचे ते घरीच ठरवावे लागते, आणि ते ठरविताना भौतिकीचे पुस्तक चांगले उपयोगी पडते.

प्रथम टायरमधील हवा पाहू. काठमांडू सुमारे 1400 मीटर उंचीवर आहे. तेथे वातावरणाचा दाब सुमारे 86 किलोपास्कल असतो. खिंडीत तो 52 च्या आसपास उतरतो. समजा, काठमांडूत 25 अंश सेल्सिअस तापमानाला दाबमापकावर 200 किलोपास्कल दिसेपर्यंत हवा भरली. वर बाहेरचा दाब कमी, म्हणून टायर फुगून फुटेल काय? हिशेब करा. दाबमापक बाहेरच्यापेक्षा जास्त असलेला दाबच तेवढा दाखवितो, म्हणून आतला खरा दाब 286 किलोपास्कल. पहाटे खिंडीत तापमान उणे 10 अंश असले, तर 286 ला 263 ने गुणून 298 ने भागा. उत्तर सुमारे 252. त्यातून बाहेरचे 52 वजा केले की उरले 200! उंचीने जेवढे दिले तेवढे थंडीने काढून घेतले. (टायरचे आकारमान बदलत नाही असे येथे धरले आहे.)

पंक्चर झाले तर मात्र ही विरळ हवा छळते. पंपाच्या प्रत्येक दट्ट्यात समुद्रसपाटीच्या मानाने निम्मीच हवा शिरते, म्हणजे दट्टे जवळजवळ दुप्पट मारावयाचे, आणि तेही धाप लागलेली असताना! म्हणून गळका पंप नेऊ नये. दोन ट्यूब, पॅच आणि रबर सोल्यूशन हवेच.

खिंडीपासून मुक्तिनाथपर्यंत उतार सुमारे 1600 मीटरचा. स्वार व सायकल मिळून 90 किलोग्रॅम धरले, तर सुमारे 14 लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा खर्ची पडते. एवढ्या उष्णतेने 20 अंशांचे चार लिटर पाणी उकळीला येईल. यातील मोठा वाटा ब्रेकच्या तबकड्या व पॅड यांना सोसावा लागतो. तेव्हा पॅडच्या दोन जादा जोड्या घ्याव्यात. ब्रेकचे तेलही पाहून घ्यावे. काही ब्रेकना खनिज तेल लागते, काहींना डॉट प्रकारचा द्रव. अदलाबदल झाली की आतली रबरी सीले खराब होतात.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा सुटा भाग तळहाताएवढाही नसतो. गीअर बदलणारे डिरेलर ज्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर लटकते, ती हँगर. ती मुद्दाम नरम ठेवतात. सायकल दगडावर आपटली की ती वाकते आणि फ्रेम वाचते. घरातला फ्यूज हेच काम करतो. पण फ्रेमगणिक तिचा आकार निराळा. आपल्या फ्रेमची नसेल तर दुसरी काही उपयोगाची नाही.

चेन मोजून पाहा. नव्या चेनच्या 24 कड्यांची लांबी 304.8 मिलिमीटर असते. ती दीड मिलिमीटरने वाढली असेल, तर चेन बदलावी. पोलाद ताणले गेलेले नसते. खिळी व भोके झिजलेली असतात. अशी चेन दातेरी चक्रांचे दातही खाते. नवी चेन निघण्यापूर्वी आठवडाभर चालवून बघावी, आणि एक जोडकडी जवळ ठेवावी. जादा स्पोक फ्रेमच्या नळीला चिकटपट्टीने बांधता येतात. मागच्या चाकाच्या दोन बाजूंच्या स्पोकची लांबी बहुधा वेगळी असते, एवढे ध्यानात ठेवा.

विमानात द्यावयाच्या खोक्यात सायकल भरताना चाक काढले, तर ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी घालावी. नाहीतर चुकून ब्रेक दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटून बसतात. पेडलही काढावी लागतात. उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे, पण डाव्याचे उलटे असतात. असे का, ते तुमच्याच सायकलीजवळ बसून शोधा पाहू.