पिकअपचा नवा बेल्ट बसत नाही? टॉमी लावण्याआधी हे वाचा

संगमनेर : टोमॅटोचा सीझन सुरू झाला की तालुक्यातल्या पिकअप रात्री-अपरात्री नारायणगावच्या वाटेला लागतात. भरलेले क्रेट घेऊन घाट चढायचा, माल उतरवायचा आणि रिकामे क्रेट घेऊन परत यायचं. या धावपळीत टायर, डिझेल, ऑइल सगळ्यांकडे लक्ष जातं. बोनेटखालच्या काळ्या बेल्टकडे मात्र तो तुटेपर्यंत कोणी बघत नाही.

मागच्या हंगामात प्रस्तुत प्रतिनिधीच्या गाडीचा बेल्ट चंदनापुरी घाट उतरताना तुटला. फट्ट असा आवाज झाला, डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला, स्टेअरिंग जड झालं आणि दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखं कडक झालं. गाडी रिकामी होती आणि गिअरमध्ये होती, म्हणून गिअर कमी करत, हँडब्रेक ओढत कडेला घेता आली. माल भरलेला असता तर काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो.

तो बेल्ट जुना नव्हता. चारच दिवसांपूर्वी टाकलेला होता. बसवताना घट्ट जात होता म्हणून गॅरेजमध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून पुलीवर चढवला होता. मीही शेजारी उभा राहून बघत होतो, पण काही बोललो नाही. कारण कडबाकुट्टीचा बेल्ट आपण सगळे तसाच चढवतो. नेमकी इथंच चूक होते.

एका बेल्टवर एवढं सगळं

कडबाकुट्टीला किंवा गिरणीला असतो तो व्ही बेल्ट. पिकअपला असतो तो चपटा, आतून उभ्या रेघा असलेला लांब बेल्ट. इंजिनच्या खालच्या क्रँक पुलीवरून निघून तो सापासारखा वळणं घेत अल्टरनेटर, वॉटर पंप, पॉवर स्टेअरिंगचा पंप आणि एसी असेल तर त्याचा कॉम्प्रेसर फिरवतो. काही गाड्यांत ही कामं दोन बेल्टांत वाटलेली असतात.

वॉटर पंप थांबला की इंजिन काही मिनिटांत तापतं. तशीच गाडी दामटली तर हेड गॅस्केटचा खर्च अंगावर येतो. दुसरी गोष्ट फार जणांना माहीत नसते. कित्येक डिझेल पिकअपमध्ये ब्रेकला लागणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे जोडलेला असतो. बेल्ट गेला की पंपही थांबतो. बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदा ब्रेक नीट लागतो, मग पेडल कडक होतं. ब्रेक पूर्ण जात नाही, पण पायाचा सगळा जोर लावावा लागतो.

आधी नंबर बघा

बेल्टच्या पाठीवर नंबर छापलेला असतो. उदाहरणार्थ ६पीके१७५०. यात ६ म्हणजे रेघा, पीके म्हणजे रेघांचा प्रकार आणि १७५० म्हणजे लांबी मिलिमीटरमध्ये. दुकानात तो नंबर नसला की "हा चालतो की" म्हणून जवळपासचा देतात. १५-२० मिमीचा फरक हातात घेतल्यावर कळत नाही, पण पुलीवर चढवताना तोच नडतो.

जुना आणि नवा बेल्ट एकाच खिळ्याला अडकवून खाली ताणून बघा. जुना वापरून किंचित लांब वाटू शकतो. दोन बोटांचा फरक दिसला तर बेल्ट परत करा. गाडीला आधी कोणी दुसरा अल्टरनेटर बसवला असेल आणि त्याची पुली लहान-मोठी असेल, तर कंपनीच्या नंबरचा बेल्टही बसणार नाही. सेकंडहँड गाडी घेतलेल्यांनी हे आवर्जून तपासावं.

काढण्यापूर्वी फोटो

इंजिन थंड होऊ द्या. चावी काढून घ्या, गाडी न्यूट्रल ठेवा, हँडब्रेक ओढा आणि चाकाला दगड लावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, कारण पाना अल्टरनेटरच्या वायरला लागला तर ठिणगी उडते. मग जुन्या बेल्टचे मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा. बेल्ट कोणत्या पुलीच्या वरून आणि कोणत्या पुलीच्या खालून जातो, हे नंतर आठवत नाही.

बेल्ट निघाल्यावर प्रत्येक पुली हाताने फिरवा. खरखर आवाज आला किंवा पुली डुलली तर बेअरिंग गेलं समजा. वॉटर पंपाखाली कूलंटचे ओघळ, पुल्यांवर ऑइल, हेही बघून घ्या. खराब बेअरिंगवर नवा बेल्ट टाकणं म्हणजे फुटक्या पाइपवर नवी मोटार बसवणं.

ताण कसा सोडायचा

गाडीला ताण देण्याची सोय कोणती, ते आधी ओळखा.

१) ऑटो टेन्शनर : स्प्रिंगचा हात आणि त्याला पुली असते. हाताला पाना लावायला बोल्ट किंवा रॅचेटसाठी चौकोनी भोक असतं. बेल्ट सैल पडेल त्या दिशेने हात फिरवायचा. जोर बराच लागतो, म्हणून लांब दांड्याचा पाना घ्या. उलट दिशेने जोर लावू नका, बोल्ट तुटतो. काही टेन्शनरला भोक असतं. हात पूर्ण मागे नेऊन त्यात पिन घातली की तो तिथेच थांबतो.

२) हाताने ताण देण्याचा : अल्टरनेटर किंवा टेन्शनर पुली बोल्टवर सरकते. इथे अनेक जण फक्त ताणाचा बोल्ट ढिला करतात, पण खालचा धरणारा बोल्ट तसाच आवळलेला राहतो. दोन्ही ढिले करा आणि अल्टरनेटर इंजिनच्या बाजूला शेवटपर्यंत ढकला.

३) टेन्शनर नसलेला ताणाचा बेल्ट : हा मुळातच लवचीक असतो आणि तसाच ताणून बसवतात. त्याला बसवायचं वेगळं हत्यार मिळतं. ते नसेल तर घरी प्रयत्न नको. एकदा काढलेला असा बेल्ट परत वापरू नये.

शेवटची पुली कोणती ठेवायची

सगळी गंमत इथं आहे. बेल्ट खालून, क्रँक पुलीपासून चढवत या. रेघांची बाजू खाचांच्या पुलीवर आणि सपाट पाठ सपाट पुलीवर. शेवटी हात पोहोचेल अशी वरची, सपाट आणि कडा नसलेली पुली ठेवा. खाचांच्या पुलीवर बेल्ट आडवा सरकत नाही, प्रत्येक खाचेत अडतो. सपाट पुलीवरून तो सहज आत जातो. अनेकदा बेल्ट आखूड नसतो, आपण फक्त चुकीची पुली शेवटी ठेवलेली असते.

हे काम दोघांनी करा. एकाने टेन्शनर धरायचा, दुसऱ्याने बेल्ट सरकवायचा. टेन्शनर सुटला तर स्प्रिंग जोरात परत येते, म्हणून बेल्ट आणि पुलीच्या मध्ये बोट कधीच घालू नका. तळहाताने बाहेरून ढकला.

तरीही बसत नसेल तर जोर लावण्याआधी चार गोष्टी तपासा. नंबर बरोबर आहे का? फोटोतल्याच वाटेने बेल्ट गेलाय का? खाली क्रँक पुलीवर तो कडेवर चढून तर बसला नाही ना? टेन्शनर शेवटपर्यंत मागे गेलाय का? बहुतेक वेळा चूक यातच सापडते.

हे करू नका

टॉमी किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून बेल्ट चढवू नका. बेल्टच्या आत धाग्यांच्या दोऱ्या असतात, सगळा ताण त्यांच्यावर असतो. कडेची दोरी तुटली तरी बाहेरून काही दिसत नाही. पुलीच्या कडेला खरवड पडली तर ती नव्या बेल्टलाही कापत राहते. ऑइल, ग्रीस, साबणाचं पाणी लावू नका, बेल्ट घसरतो आणि ऑइलने रबर खराब होतं. उन्हात तापवून बेल्ट लांब होत नाही. रबर मऊ पडतं, आतल्या दोऱ्या वाढत नाहीत.

बसल्यावर

प्रत्येक पुलीवर सगळ्या रेघा खाचांत बसल्यात का, बॅटरी दाखवून बघा. एक रेघ जरी बाहेर राहिली तरी बेल्ट टिकत नाही. क्रँक पुली पान्याने हळूहळू दोन फेरे फिरवा. सगळं ठीक दिसलं की बॅटरीची वायर जोडा, काही सेकंद इंजिन चालू करून बंद करा आणि परत बघा.

हाताने ताण देण्याच्या प्रकारात सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण १० मिमी दबला पाहिजे. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. जास्त आवळला तर अल्टरनेटर आणि वॉटर पंपाची बेअरिंग जातात. चार-पाच दिवसांनी ताण पुन्हा तपासा.

बेल्ट आवाज करत असेल तर इंजिन चालू असताना, हात लांब ठेवून, रेघांच्या बाजूला पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज थोडा वेळ थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. आवाज वाढला तर ताण कमी आहे.

रस्त्यात तुटला तर

बॅटरीचा दिवा लागला आणि स्टेअरिंग जड झालं की "गावापर्यंत जाऊ" म्हणू नका. ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून सोडू नका, गिअर कमी करत कडेला घ्या. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. दोरी किंवा साडीची किनार बांधायचा जुगाड या बेल्टला चालत नाही.

माझ्या गाडीत आता सीटमागे बरोबर नंबरचा एक नवा बेल्ट, लांब पाना आणि बॅटरी कायम असते. आणि गॅरेजमध्ये कोणी टॉमी उचलली की मी हात धरतो. तुम्हीही धरा. वाईट वाटलं तरी चालेल, घाट आपल्याला उतरायचा असतो.