तेरा जीबीचा एक तास

मिनीडीव्हीची साठ मिनिटांची कॅसेट संगणकावर उतरवली की सुमारे १३ जीबी जागा घेते. घरातल्या लग्नामुंजींच्या वीस कॅसेटी म्हणजे २६० जीबी. आजच्या बाजारात एवढी जागा किरकोळच. खरी अडचण वेगळी आहे. संकलनाच्या सॉफ्टवेअरमधली प्रोजेक्ट फाइल ग्रंथालयातल्या सूचिकार्डासारखी असते. तिच्यात चित्रण नसते. ते कुठे ठेवले आहे, एवढा पत्ता असतो. फोल्डरचे नाव बदलले की पत्ता चुकतो आणि पडद्यावर ‘मीडिया ऑफलाइन’ उमटते. चित्रण जागच्या जागीच असते. हे उमगेपर्यंत तीन दिवस मी वडिलांचा आवाज कायमचा गेला असेच धरून चाललो होतो.

म्हणून मूळ चित्रण एका डिस्कवर आणि संकलन दुसरीवर. संकलनाला एसएसडी वेगवान; पण वर्षानुवर्षे न जोडता कपाटात ठेवली, तर तिच्यातला विद्युतभार ओसरू शकतो. जपणुकीला फिरत्या तबकडीची हार्ड डिस्कच बरी, आणि तीही एकटी नको. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम असा: तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत घराबाहेर. आमची तिसरी प्रत सांगलीला बहिणीकडे असते. २०१९ च्या पुरानंतर तिने ती वरच्या मजल्यावर हलवली.