साखरेच्या वाटीतून औषध

"साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल" असा सल्ला नातेवाईक मंडळी पेशंटला हमखास देतात. तसं काही होत नाही. पण काही संशोधक साखरेचाच उपयोग करून कॅन्सरला कोंडीत पकडायच्या मागे लागलेत. आणि हा मुळात डिलिव्हरीचा प्रॉब्लेम आहे, म्हणजे आपल्या इंजिनिअर लोकांचा!

आपल्या टी पेशी कॅन्सरच्या पेशींना मारू शकतात. पण त्यांना पीडी-१, सीटीएलए-४ असे ब्रेक असतात आणि कॅन्सर ते दाबून धरतो. हे ब्रेक सोडवण्याच्या संशोधनासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. मग दोन्ही ब्रेक एकदम सोडले तर? मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरवरच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन औषधांच्या जोडीने रोग जास्त काळ रोखला खरा, पण जोडी घेणाऱ्या ५५ टक्के पेशंटना गंभीर दुष्परिणाम झाले. कारण ब्रेक फक्त गाठीतले नाही, सगळ्या अंगातले सुटतात. मग आतडी, लिव्हर, कातडी, जे समोर येईल त्यावर टी पेशी तुटून पडतात.

म्हणजे औषधं दोन हवीत, पण निदान एक तरी गाठीतच उतरायला हवं.

बॉस्टनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये केलेला जुगाड मला भारी आवडला. स्टार्चपासून सायक्लोडेक्स्ट्रिन बनतं. त्याच्या बीटा प्रकारात सात ग्लुकोज गोल कडं करून बसतात, बूड नसलेल्या वाटीसारखे. बाहेरून पाण्याशी दोस्ती, आतून वैर! त्यामुळे पाण्याला बिचकणारं औषध आत जाऊन बसतं. अशा वाट्या एकमेकींना जोडून त्यांनी केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहून लहान कण केले आणि त्यात आर८४८ नावाचं औषध भरलं. (एवढ्याशा ग्लुकोजने गाठ पोसली जात नाही, काळजी नको.)

आता खरी गंमत. असले कण गिळणं हा मॅक्रोफेज नावाच्या खादाड पेशींचा धंदाच. गाठीत त्या भरपूर असतात, आणि बऱ्याचदा फितूर होऊन गाठीलाच मदत करतात. कण पोटात गेला की आर८४८ वाटीतून सुटतं, "विषाणू आला!" असा सिग्नल मिळतो आणि फितूर पेशी पुन्हा आपल्या बाजूने लढायला उठते. जोडीला पीडी-१ चा ब्रेक सोडवणारं औषध दिलं, तेव्हा एरवी त्या औषधाला दाद न देणाऱ्या गाठींवरही परिणाम दिसला.

उंदरांत, हं! उंदरात टोचलेली गाठ काही दिवसांत वाढते, माणसाची कित्येकदा वर्षानुवर्षं. शिवाय लिव्हरमध्येही खादाड पेशी असतातच, आणि वाटेत त्याही कण गिळायला टपलेल्या असतात.