बॉनेटखाली (लेखांक ७) : इंजेक्टर साफ करण्याआधी

गेल्या आठवड्यात आपण हवेच्या वाटेने थ्रॉटल बॉडीपर्यंत गेलो. आज पेट्रोलची वाट. या वाटेच्या टोकाला बसलेला इंजेक्टर सध्या सर्व्हिसच्या बिलात फार वेळा दिसतो. गाडी नेली की ‘सर, इंजेक्टर क्लीनिंग करून घ्यायचं का?’ हा प्रश्न येतोच, आणि नको म्हणायचं तर कशाच्या जोरावर म्हणायचं हे मालकाला ठाऊक नसतं.

ज्या गाड्यांच्या पाठीवर ‘एमपीएफआय’ ही अक्षरं वर्षानुवर्षं मिरवली, त्यांचा इंजेक्टर जेमतेम बोटाएवढा. आत तारेचं वेटोळं, एक स्प्रिंग आणि एक सुई. ईसीयूने वीज सोडली की वेटोळं सुईला वर ओढतं, वीज तोडली की स्प्रिंग तिला परत बसवते. मागे पेट्रोल तीन-चार बार दाबाने तयारच असतं. सुई काही मिलिसेकंद उचलली जाते आणि टोकाच्या बारीक छिद्रांतून पेट्रोल धुक्यासारखं उडतं. गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे, इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेतंय आणि ॲव्हरेज १५ चं आहे असं धरा. म्हणजे तासाला ४ लिटर पेट्रोल. दर दोन फेऱ्यांना एक, या हिशेबाने चार सिलिंडरचे मिळून तासाला २,४०,००० फवारे होतात. एका लिटरचे साठ हजार वाटे! छिद्राच्या कडेला पापुद्रा धरला की हे वाटप बिघडतं आणि धुक्याची धार होते.

हा पापुद्रा धरतो कधी, हे मात्र नीट समजून घ्या. इंजेक्टर गाडी चालताना फारसा घाण होत नाही, कारण आतून सतत थंड पेट्रोल वाहत असतं. घाण होते ती गाडी बंद केल्यावर. किल्ली फिरवली की पेट्रोल थांबतं, पाण्याचा पंप थांबतो, पण इंजिनातली उष्णता कुठे जाणार? ती वर चढते आणि पुढचा काही वेळ इंजेक्टरचं टोक चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापतं. टोकाला राहिलेल्या थेंबातला हलका भाग उडून जातो आणि जड भाग भांड्याच्या बुडाला दुधाची खरवड धरावी तसा चिकटून बसतो. त्यामुळे दिवसातून एकदा पुण्याहून साताऱ्याला जाणाऱ्या गाडीपेक्षा दूध, भाजी, शाळा, क्लास असे आठ हेलपाटे घालणाऱ्या गाडीचे इंजेक्टर लवकर खराब होतात. अशी गाडी पंधरा दिवसांतून एकदा तास-दीड तास हायवेला मोकळी पळवली तर फायदाच आहे.

दुसरं कारण पेट्रोल. रॉकेलची भेसळ असेल तर जड भाग जास्त, म्हणजे खरवडही जास्त. पंपावर फिल्टर पेपर मागायचा ग्राहकाला हक्क आहे, पण मागणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नोझलचं तोंड पुसून घ्या, एक थेंब कागदावर टाका. शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जातं आणि डाग राहत नाही. डाग राहिला तर पुढे घनता तपासायला सांगा.

इंजेक्टर स्वच्छ ठेवणारी रसायनं पेट्रोलमध्येच मिसळायची पद्धत अमेरिकेत सुरू झाली, कारण ऐंशीच्या दशकात तिथल्या नव्या इंजेक्टरवाल्या गाड्या भराभर चोंदू लागल्या होत्या. कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये आणि पाठोपाठ १९९५ मध्ये सगळ्या देशाने ती सक्तीची केली. आपल्याकडचं महागडं पेट्रोल घेताना एक गल्लत होते. ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोल जास्त ‘साफ’ असं नाही. ऑक्टेन ठोके रोखतं, सफाई करतं ते डिटर्जंट. बाटलीतून टाकीत ओतायचं क्लीनर घेणार असाल तर त्यात पॉलीइथरअमाइन आहे का ते पाहा. टाकी भरायच्या आधी ओता आणि मात्रा लिहिली आहे तेवढीच ठेवा. हलक्या पापुद्र्यावर त्याचा उपयोग होतो. पूर्ण बुजलेल्या छिद्रावर होत नाही.

आता तक्रारीकडे. गाडी आयडलिंगला थरथरते, पिकअप पडलाय, मधूनच मिसिंग मारते. ही लक्षणं इंजेक्टरची असू शकतात, तशीच प्लगची, कॉइलची, हवा खेचणाऱ्या फाटक्या पाइपची किंवा दमलेल्या पेट्रोल पंपाची. ॲव्हरेज थोडं उतरलं असेल तर आधी पेट्रोल आठवा. २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणात ऊर्जाच कमी असते, त्यात इंजेक्टरचा दोष नाही.

म्हणून आधी स्कॅनर. समजा पी ०३०२ हा कोड आला, म्हणजे दुसरा सिलिंडर मिसिंग. चांगला मेकॅनिक लगेच इंजेक्टर काढत नाही. तो दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल आपापसात बदलतो, कोड पुसतो, एक चक्कर मारून येतो. आता पी ०३०३ आला तर चोर कॉइलच. कोड जागचा हलला नाही तर प्लग बदलून पाहतो, मग इंजेक्टर. सोबत ‘फ्युएल ट्रिम’चे आकडे दाखवायला सांगा. ईसीयू मिश्रणात किती टक्के दुरुस्ती करतोय ते त्यात कळतं. आकडा शून्याच्या आसपास घुटमळत असेल आणि तक्रारही नसेल, तर क्लीनिंगचे पैसे वाचवा.

खरंच गरज असेल तर इंजेक्टर काढून अल्ट्रासॉनिक मशीनवर धुणं सगळ्यांत खात्रीचं. तिथे चारही इंजेक्टर एका रांगेत टांगतात, खाली काचेच्या चार नळ्या असतात. धुण्याआधी सगळे एकदम सोडले की एका नळीतली पातळी मागे पडलेली डोळ्यांना दिसते, आणि त्याच इंजेक्टरचा फवारा एका बाजूला तिरपा जात असतो. धुतल्यावर चारही पातळ्या सारख्या यायला हव्यात. हे समोर उभं राहून पाहा. परत बसवताना ओ-रिंग नव्या घालायला लावा. जुन्या वातड रिंगमधून तापल्या इंजिनावर पेट्रोल पाझरलं तर आग लागते, तिथे शे-दोनशे रुपये वाचवू नका. पेट्रोल फिल्टर कधी बदलायचा ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा. बऱ्याच नव्या गाड्यांत तो टाकीतच असतो.

थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या टर्बो पेट्रोल गाड्यांचं गणित वेगळं. तिथे दाब शेकड्यांत, टोक थेट ज्वाळेसमोर. शिवाय पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही, त्यामुळे व्हॉल्व्हवरचा कार्बन टाकीतल्या कुठल्याही बाटलीने निघत नाही. तसं कुणी सांगत असेल तर नम्रपणे नको म्हणा.

पुढच्या वेळी जॉबकार्डवर ‘इंजेक्टर क्लीनिंग’ लिहिलेलं दिसलं की सहीआधी एवढंच विचारा : कुठल्या रीडिंगवरून? उत्तर मिळालं नाही तर ती ओळ खोडायला सांगा. डिझेलचे इंजेक्टर आणि फिल्टरमधलं पाणी पुढच्या आठवड्यात.